पाय माझा नव्हता: हिंगणी, वडनेर आणि एक नवा क्लच

"आई, नवा क्लच तीन आठवड्यांत घसरत नाही. तू पेडलवर पाय ठेवून चालवतेस."

हे वाक्य माझ्या मुलाचं, निखिलचं. पुण्याहून, फोनवर. मी एकतीस वर्षं गाडी चालवते आहे. याला मी शेजारी बसवून गाडी शिकवली, आणि पहिल्याच दिवशी याने आमच्या फाटकाचा खांब आडवा केला. तो आता मला पाय कुठे ठेवायचा ते सांगत होता.

पुढचं वाक्य आणखी वाईट होतं. "रविवारी एक जण गाडी बघायला येतोय. चांगलं गिऱ्हाईक आहे. मी शनिवारी येतो, देऊन टाकू."

माझी गाडी म्हणजे बारा वर्षांची डिझेल जीपगाडी. जुना क्लच वय झाल्यामुळे गेला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण निखिलने कुठले कुठले व्हिडिओ पाहून 'हेवी ड्यूटी' क्लच मागवला. मी रामटेकला जाते, डोंगरावर शर्यतीला नाही, हे त्याला सांगून उपयोग झाला नाही. नागपुरातल्या एका दुकानात तो बसवून घेतला. जुनं पेडल लोण्यासारखं होतं, नवं दगडासारखं. शिवाय वरचा अर्धा इंच पोकळ! पाय नुसताच जायचा आणि मग एकदम भिंत लागायची. दुसऱ्याच दिवशी मी गाडी परत नेली आणि समोर उभं राहून तो ढिलेपणा काढून घेतला. दुकानदार काहीतरी म्हणाला, पण मी ऐकून घ्यायला गेले नव्हते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर वेण्यांच्या रिबिनी फूटपट्टीने मोजायच्या. ढिलं काहीही मला तेव्हापासून चालत नाही.

त्यानंतर एकदा सीताबर्डीच्या गर्दीत क्लच घसरला, आणि मी मूर्खासारखं ते निखिलला सांगितलं.

शेवटी सौदा ठरला. इंदूबरोबर माझी तीन दिवसांची वर्धा जिल्ह्याची फेरी ठरलेली होतीच. गाडी स्वतःच्या चाकांवर परत आली तर माझ्याकडे राहील. टोचन करून आणावी लागली तर रविवारी किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात.

गुरुवार: नागपूर, सेलू, हिंगणी

इंदू मडावी आणि मी टेलिफोन खात्यात सव्वीस वर्षं एका खोलीत बसलो. तिचं माहेर हिंगणीचं, लेक वडनेरला शिक्षिका. हिंगणीहून भावाकडची मोहफुलं आणि जवसाची चटणी घ्यायची आणि लेकीला पोचवायची, एवढाच आमचा कार्यक्रम. ज्यांना कार्यक्रमात अकरा 'पॉइंट' लागतात त्यांनी दुसरा ब्लॉग वाचावा.

सकाळी सातला निघालो. बुटीबोरीच्या अलीकडे तर्री पोहे खाल्ले, चाळीस रुपये प्लेट. तर्री, म्हणजे तिखट रस्सा, वेगळी मागून घ्या, नाहीतर पोहे बुडवून देतात. त्यानंतर कारखान्यांकडे वळणाऱ्या ट्रकांमागे वीस मिनिटं क्लच-ब्रेक, क्लच-ब्रेक. मार्च संपत आला होता आणि नऊलाच ऊन चटके देत होतं.

वर्ध्याच्या रस्त्याला लागल्यावर गाडी बरी चालली. केळझरच्या पुढे एका चढावर मी ॲक्सिलरेटर दाबला आणि इंजिन नुसतंच ओरडलं. वेग वाढेना. जळका वास आला.

इंदू म्हणाली, "वास येऊन राह्यला."

"मला नाक आहे."

"मी तुझ्या पायाकडे पाहून नाई राह्यली," ती म्हणाली. म्हणजे पाहत होती.

माझा डावा पाय पेडलच्या बाजूला, गाडीच्या तळावर सपाट होता. तो मी तिला नीट दाखवला. गाडी रडतखडत सेलूपर्यंत आणली.

सेलूच्या मेकॅनिकने बॉनेट उघडण्याआधीच निदान केलं. "एअर धरली काकू."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: या गाडीच्या क्लचला तार नसते, तेल असतं. पेडलजवळ एक छोटा पंप, त्याला मेकॅनिक 'अप्पर' म्हणतात. खाली गिअरबॉक्सजवळ दुसरा, तो 'लोअर'. मधे नळी. पाय दाबला की तेल खाली ढकललं जातं आणि क्लच सुटतो, पाय काढला की तेल परत वर, पंपाच्या तेलाच्या डबीत येतं. नळीत हवा शिरली तर बिघाड होतो, आणि ती काढायला लोअरवर एक स्क्रू असतो. तो सैल करून तेल बाटलीत सोडतात.

त्याने ते केलं. दहा मिनिटांत गाडी ठणठणीत.

"काकू, एक विचारू? रागावू नका. पाय ठेवून चालवता का पेडलवर?"

"तुम्हाला निखिलने फोन केला होता का?"

"कोण निखिल?"

मी पैसे दिले आणि निघाले. तो बिचारा इंदूकडे बघत राहिला.

सेलूहून हिंगणीचा रस्ता बारीक आहे, पण चांगला. पळस पेटल्यासारखे फुलले होते. इंदूचा भाऊ नामदेव जंगल खात्यात मजुरीला असतो. त्याच्या अंगणात मोहफुलं वाळत घातली होती आणि त्यांचा गोडसर, जड वास थेट घरात शिरत होता. जेवायला वांग्याची भाजी, तुरीचं वरण, ज्वारीची भाकर. हॉटेल शोधायची गरज पडली नाही, पण ज्यांना पडेल त्यांनी वर्ध्यात मुक्काम करावा. बोर अभयारण्याची सफारी करायची असेल तर गेट कोणत्या दिवशी बंद असतं ते आधी विचारा. आम्ही गेटपर्यंत गेलोच नाही. दुपारी धरणावर जाऊन पाणी पाहिलं, दोन तास बसलो.

परत येताना गुरांच्या कळपामागे पहिल्या गिअरमध्ये सरकत आलो आणि हिंगणीच्या वेशीवर पुन्हा तेच. इंजिन ओरडतंय, गाडी सरकत नाही, वास.

नामदेव आणि इंदू गोंडीत काहीतरी बोलले. मला गोंडी येत नाही, पण दोघांची नजर एकदम माझ्या डाव्या चपलेवर गेली, तेव्हा भाषांतराची गरज उरली नाही.

"काय म्हणाला तो?"

"काही नाई. मोहफुलाचं बोलून राह्यला होता."

मनात मी तोवर त्या नागपूरच्या दुकानावर एक परीक्षण लिहायला घेतलं होतं. एक तारा. 'कामात हलगर्जी' इथपर्यंत मजकूर तयार होता.

शुक्रवार: वर्धा, हिंगणघाट, वडनेर

सकाळी नामदेव म्हणाला, "बाई, एक चक्कर मारून पाहा. सेलूतून कोणाले बलावू का, ते मंग ठरवू."

चक्कर मारली. गाडी उत्तम. चढावर खेचते, वास नाही, काही नाही. रात्रभरात कोणी हात लावला नव्हता.

इथे माझं खातं कामाला आलं. आमच्याकडे बिघाडाची तक्रार आली की पहिला प्रश्न 'काय बिघडलं' हा नसायचा. बिघाड केव्हा येतो आणि केव्हा जातो, ते आम्ही आधी विचारायचो. पावसात येणारा बिघाड वेगळा, दुपारी येणारा वेगळा. मी वही काढून लिहिलं: गर्दीत, उन्हात, तासाभराने येतो. थंड झाल्यावर आपोआप जातो. मग खाली लिहिलं: नळीत हवा असेल तर ती रात्री फिरायला बाहेर कशी जाईल?

इंदूने वाचलं. "बरोबर आहे. पण मंग सेलूच्या पोराने एअर काढल्यावर बरी काऊन झाली?"

मी त्याखाली मोठं प्रश्नचिन्ह काढलं आणि वही मिटली.

वर्ध्यात आश्रमांवर सगळेच लिहितात, मी लिहीत नाही. गोरसपाक, म्हणजे इथलं तुपातलं बिस्किट, घेतला आणि निघालो. गोरसपाक चहात बुडवू नका, बसून नीट चावून खा. पुढे हिंगणघाटात कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकांनी रस्ता अडवला होता. अर्धा तास इंचाइंचाने सरकलो. पेडल इतकं जड की माझा गुडघा बोलायला लागला. गाव संपून हमरस्त्याला लागलो, आणि दोन किलोमीटरवर क्लच घसरला.

या वेळी मी मेकॅनिक शोधला नाही. एका धाब्याच्या कडुनिंबाखाली गाडी उभी केली, बॉनेट उघडलं आणि धाबेवाल्याला सांगितलं, "पिठलं-भाकर द्या, आणि या गाडीला कोणी हात लावायचा नाही."

"आमी काऊन लावू बाई?" तो म्हणाला. त्याचंही खरं होतं.

तासाभराने किल्ली फिरवली. गाडी बरी! वहीत लिहिलं: तेल काढलं नाही, हवा काढली नाही, फक्त थंड झाली. आता मला खात्री झाली की दोष उष्णतेत आहे, पायात नाही. पण खात्री दाखवून रविवारचं गिऱ्हाईक परत जात नाही. वडनेरहून नागपूर अजून शंभरेक किलोमीटर होतं.

इंदूच्या लेकीने फोनवरून बाबारावांचं नाव सांगितलं. वडनेरला ट्रॅक्टर दुरुस्त करतात. साठीचे, चष्म्याला दोरी, बोलणं कमी. आम्ही पोचलो तेव्हा ते एका ट्रॅक्टरच्या पोटाखाली होते.

"क्लच घसरतो," मी म्हणाले. "पण आत्ता घसरणार नाही, कारण थंड आहे. आधी मी गावात दहा चकरा मारून आणते. मगच बघा."

ते ट्रॅक्टरखालून बाहेर आले. "असं सांगणारं गिऱ्हाईक पयल्यांदा पाह्यलं," ते म्हणाले. "आना गरम करून."

बाजारातून, शाळेवरून, पुन्हा बाजारातून. पाऊण तासाने वास आला. मी गाडी त्यांच्या दारात उभी केली.

बाबारावांनी बॉनेटकडे पाहिलंही नाही. दार उघडून खाली वाकले आणि पेडल हाताने दाबलं. दोन बोटांनी, हलकेच. मग पुन्हा.

"पायानं नाई समजत हे. हातानं पाह्यजा," ते म्हणाले. "हात लावला का लगेच जोर लागते. मोकळं कुठीच नाई."

मग ते गाडीखाली गेले, लोअरच्या स्क्रूला रबरी नळी लावून बाटलीत सोडली. "काकू, गाडीतून उतरा. दोनी पाय खाली. मांगं व्हा."

मी उतरले. मागे झाले. माझ्या दोन्ही चपला वडनेरच्या धुळीत होत्या. गाडीत कोणीही नव्हतं. बाबारावांनी स्क्रू सैल केला आणि तेल पिचकारीसारखं बाटलीत उडालं. बुडबुडा एकही नाही.

"आता सांगा," ते खालून म्हणाले, "पाय कोणं ठेवला होता?"

मी इंदूला म्हणाले, "फोटो काढ. गाडी, बाटली आणि माझे दोन्ही पाय एकाच फोटोत यायला पाहिजेत." तिने काढला. मी तो तिथल्या तिथे निखिलला पाठवला. खाली एकच ओळ लिहिली: पाय माझा नव्हता.

बाबारावांनी समजावलं ते त्यांच्याच शब्दांत देते. "अप्परमधी एक बारीक भोक असते. पेडल पुरं वर आलं का ते उघडते, न तेल डबीत वापस जाते. तुमचं पेडल पुरं वर येतच नाई, त्याची दांडी अप्परले नेहमी टेकूनच राह्यते. भोक बंद. मंग गरम झालं का तेल फुगते. जाईन कुठी? थेच क्लच दाबून धरते."

"आणि हवा काढली की बरी होते, ती?"

"हवा नाई निघाली. जोर निघाला. बाटलीत तेल गेलं का जोर कमी, गाडी बरी. पुन्हा गरम झाली का पुन्हा तेच. थंडी झाली का तेल आपोआप बसते." त्यांनी पाना पुसला. "या पेडलले वर अर्धा इंच मोकळं लागते. काहीच नाई करत ते, पण लागते. बाकी काम चांगलं केलं हाय नागपूरवाल्यानं. हे एवढं टाईट कोणं केलं?"

मी तोंड उघडलं. 'नागपूरच्या त्या दुकानदाराने' हे वाक्य तयार होतं, दोन दिवस तयार होतं.

पण इंदू आधी बोलली. हळू आवाजात. "मी गाडीत बसली होती त्या दिवशी. तो म्हणत होता, राहू द्या मॅडम, लागते ते."

बाबारावांनी पाना उचलला. गाडीत वाकले आणि पेडलमागचा नट सैल करायला लागले.

मी बाहेरच्या बाकावर बसले. जुन्या पेडललाही तो अर्धा इंच असणारच. पण ते पेडल इतकं मऊ होतं की मला तो कधी जाणवला नाही. नवं पेडल जड आलं म्हणून मोकळं कुठे संपतं आणि जड कुठे सुरू होतं ते पायाला कळलं. मला वाटलं, दोष सापडला. आणि मी उभं राहून, बोट दाखवून, गाडीतला चालू भाग बंद करून घेतला.

काम वीस मिनिटांत झालं. दांडी दीड फेरा आत घेतली, तेल भरलं. दीडशे रुपये. मी विचारलं, क्लचची प्लेट जळली का? "चरकली असन थोडी. पण जीव हाय. आता फक्त ढिलं राहू द्याजा."

फोन वाजला. निखिलचा निरोप: 'हे काय आहे? म्हणजे दुकानवाल्याची चूक?'

मी उत्तर दिलं नाही. इंदूने वाचलं आणि मोबाईल माझ्या पर्समध्ये टाकला. "मी कोणाले सांगत नाई," ती म्हणाली.

मी खरं सांगते, इंदूच्या लेकीच्या घरी जेवताना मी तेच ठरवलं होतं. फोटो खोटा नव्हता. ओळही खोटी नव्हती. गाडी विकायची नाही एवढाच प्रश्न होता, आणि त्याला तेवढं उत्तर पुरेसं होतं.

शनिवार: वडनेर ते नागपूर

इंदू म्हणाली, उन्हाच्या आधी निघू. मी म्हणाले, बारा वाजता निघू. सकाळच्या गारव्यात गाडी बिघडली नसती तर त्याने काहीच सिद्ध झालं नसतं.

बारा वाजता निघालो. हमरस्ता उत्तम. हिंगणघाटात पुन्हा गाठींचे ट्रक, पुन्हा अर्धा तास. मी मुद्दाम खिडकी उघडी ठेवली होती, वासासाठी. फक्त डिझेलचा धूर आला. पुढे जामला चहा घेतला. बुटीबोरीचा उड्डाणपूल गाडीने तिसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता खेचला. इंदूने तिथे पहिल्यांदा गोरसपाकाचा डबा उघडला. तोपर्यंत तिने तो मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

घरी जायच्या आधी मी दुकानाकडे वळले. मला पाहून दुकानदार उभाच राहिला. "काय झालं मॅडम? क्लच?"

"क्लच चांगला आहे. तुम्ही म्हणाला होता, राहू द्या, लागते ते. बरोबर म्हणाला होता. चूक माझी."

तो सावधपणे माझ्याकडे बघत होता, पुढे काहीतरी येणार म्हणून.

"मग जोरात का नाही म्हणालात?" मी विचारलं.

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही बोलून राह्यल्या होत्या ना."

इंदू गाडीत मान खाली घालून हसत होती. एका ताऱ्याचं परीक्षण मी मनातून पुसलं. दुसरं काय करणार?

निखिल संध्याकाळी आला. बॅगही खाली ठेवली नव्हती. "फोटो भारी होता. त्या दुकानवाल्याला सोडू नकोस."

अजूनही गप्प बसता आलं असतं. पण ज्या बाईला तीन दिवस सगळ्यांनी न केलेल्या गोष्टीसाठी धरलं, तिनेच दुसऱ्या माणसाला तसंच धरायचं, हे मला जमेना. मी सगळं सांगितलं. ढिलेपणा, समोर उभं राहून केलेली दुरुस्ती, बाबारावांचा प्रश्न.

"म्हणजे चूक तुझीच," तो म्हणाला.

"चूक माझी. पाय माझा नाही. दोन्ही लक्षात ठेव."

त्याने बॅग खाली ठेवली. मग बाहेर जाऊन त्याने गिऱ्हाइकाला फोन केला. मी खिडकीतून ऐकलं. गाडी आई वापरते, एवढंच त्याने सांगितलं.

माझ्यासारखी फेरी करणार असाल तर: फेब्रुवारीत जा, मार्चअखेर नको. आणि गाडीत नवा क्लच बसवला असेल तर निघण्याआधी पेडल एकदा हाताने दाबून बघा, पायाने नाही.

रविवारी सकाळी मी चहा घेऊन बाहेर गेले, तर निखिल गाडीचं दार उघडून गुडघ्यांवर बसला होता. दोन बोटांनी पेडल दाबून पाहत होता. एकदा, दोनदा. कपाळाला आठी.

"आई, हे वर जरा जास्तच ढिलं आहे गं. घट्ट करून घेऊ का?"

"राहू दे," मी म्हणाले. "लागतं ते."